आपल्या गच्चीवरची तार

स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा मी म्हटलं, सोसायटीचा इतिहास लिहायला माझ्यापेक्षा जाणती मंडळी आहेत. पाणी, पार्किंग, ना हरकत दाखले यांचा इतिहास त्यांनाच ठाऊक. त्यावर चेअरमनसाहेब म्हणाले, "ते सगळं येतंच आहे हो. तुम्ही तुमच्या त्या तारेचं लिहा. पोरं विचारतात." म्हणून हा तारेचा इतिहास. त्यात थोडा माझा आहे, थोडा सोसायटीचा, आणि बराचसा त्या तारेच्या पूर्वजांचा.

तार कोणती, ते जुन्या सभासदांना सांगायला नको. ए विंगच्या जिन्याच्या खोलीवर एक आखूड बांबू आहे. त्याच्यापासून दोन बाजूंना कठड्यांपर्यंत उतरत जाणारी, कौलारू छपरासारखी दिसणारी ती तांब्याची तार. गेली तेवीस वर्षं ती तिथे आहे. नवीन राहायला आलेल्या प्रत्येकाने ती कपडे वाळत घालायची दोरी समजूनच पाहिली. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी तर एकदा तिच्यावर ओल्या चादरी घातल्या होत्या, आणि मी खाली खोलीत बसून विचार करत होतो की आज कोणीच उत्तर का देत नाही!

ती तार म्हणजे माझ्या रेडिओची अँटेना. मी हॅम आहे, म्हणजे हौशी रेडिओवाला. दूरसंचार खात्याची परीक्षा द्यायची, तांत्रिक प्रश्न सोडवायचे, माझ्या वेळी मोर्सची कडकट्टही ऐकून लिहून दाखवावी लागे, मग परवाना मिळतो आणि व्हीयू-२ किंवा व्हीयू-३ ने सुरू होणारं एक संकेतनाव मिळतं. त्या नावाने जगातल्या कुठल्याही हॅमशी बोलता येतं. नियम साधे: पैसे घ्यायचे नाहीत, धंद्याचं बोलायचं नाही, राजकारण नाही. रेडिओ सेट महाग असतो, तो बहुतेक जण सेकंडहँड घेतात. अँटेना मात्र ज्याची त्यानेच करायची, असा आमच्याकडे रिवाज आहे. माझे गुरू म्हणायचे, "सेट कसलाही असू दे रे, तार नीट बांध. सेट खोलीत बोलतो, तार जगात बोलते."

वीस मीटर कुठून आले

मुलं नेहमी विचारतात, काका, तार एवढीच का? अजून लांब का नाही? त्याचं उत्तर शंभराहून जास्त वर्षं जुनं आहे.

जर्मनीत कार्ल्सरुह इथे हाइनरिश हर्ट्‌झ नावाच्या प्राध्यापकाने १८८६ ते १८८८ या काळात रेडिओलहरी पहिल्यांदा प्रयोगशाळेत निर्माण करून दाखवल्या. त्याचं साधन काय होतं? एका सरळ रेषेत दोन दांडे, मध्ये फट, आणि त्या फटीत ठिणगी. ही जगातली पहिली अँटेना. आपल्या गच्चीवर जे आहे ते त्याचंच भावंड: दोन सारख्या भुजा आणि मध्ये जोड. याला डायपोल म्हणतात.

झोपाळ्याला बरोबर वेळ साधून ढकललं तर थोड्या जोरातही तो उंच जातो. तारेचं तसंच आहे. लहरीच्या लांबीच्या निम्मी तार घेतली की विजेचा झोका तिच्यात बरोबर बसतो. आम्ही बोलतो ती फ्रिक्वेन्सी सुमारे ७.०५ मेगाहर्ट्‌झ, म्हणजे लहर साडेबेचाळीस मीटर लांब. तिचे निम्मे सव्वाएकवीस मीटर. प्रत्यक्ष तारेत हे अंतर चार-पाच टक्के कमी भरतं, म्हणून आम्ही सरळ १४३ ला मेगाहर्ट्‌झने भागतो. उत्तर येतं वीस मीटर आणि वर साधारण तीस सेंटिमीटर. तार मधोमध कापायची आणि दोन तुकड्यांच्या मध्ये केबल जोडायची. झाली अँटेना. यात विकत घ्यावं असं जवळजवळ काही नाही, आणि हेच मला तरुणपणी फार आवडलं होतं.

गिरगावातली एक लहर

माझं लहानपण गिरगावात गेलं. तिथल्या एका गोष्टीशी आमच्या या लहरीचं नातं आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

ऑगस्ट १९४२ मध्ये चले जावची घोषणा झाली, नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली. तेव्हा विल्सन कॉलेजमधून शिकून निघालेल्या बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. पहिलं प्रक्षेपण २७ ऑगस्टला झालं. देशात कुठूनतरी, ४२.३४ मीटरवर बोलतो आहोत, अशी घोषणा व्हायची. पोलिसांच्या गाड्या मागावर असायच्या, म्हणून जागा सतत बदलावी लागे. शेवटी बातमी फुटली आणि १२ नोव्हेंबर १९४२ ला धाड पडली. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली.

या यंत्रणेमागे नरिमन प्रिंटर नावाचे एक हौशी रेडिओवाले होते. महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारने हॅम मंडळींचे परवाने रद्द करून यंत्रं जमा करून घेतली होती. तरीही मुंबईत सुटे भाग जमवून ट्रान्समीटर उभा राहिला, कारण तो हातांनी करता येणारी माणसं या शहरात होती.

आता तो आकडा पाहा: ४२.३४ मीटर. म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्‌झ. आमचा हौशी पट्टा पूर्वी ७.० पासून ७.१ पर्यंत होता, म्हणजे तो आकडा बरोबर त्याच्या आत पडतो. त्या लहरीसाठी तार मोजायला घेतली तर तीही वीस मीटरच्या आसपासच भरेल. त्यांनी नेमकी कशी तार बांधली होती यावर मी काही बोलणार नाही. पण हे गणित मी पहिल्यांदा केलं तेव्हा गच्चीवर जाऊन माझ्या तारेकडे थोडा वेळ पाहत उभा राहिलो, एवढं सांगतो.

गुरूंची चाळ

माझे गुरू आमच्याच वाडीत राहायचे. सगळे त्यांना काका म्हणत, मीही. त्यांच्या दोन खोल्यांपैकी एक खोली महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या सामानाने भरलेली होती. असे अमेरिकन आणि ब्रिटिश रिसीव्हर तेव्हा मुंबईच्या जुन्या बाजारात वजनावर मिळत. बाकीचे भाग लॅमिंग्टन रोडला. काकांची तार त्यांच्या गॅलरीतून निघून वाडी ओलांडून समोरच्या चाळीच्या वळचणीला जायची. तिच्यात दर संक्रांतीला पतंग अडकायचे आणि काका ते सोडवून मुलांना परत द्यायचे.

काकांकडे मोजायची महागडी यंत्रं नव्हती. तार बरोबर जुळली का ते पाहायला त्यांच्याकडे दोन उपकरणं होती: एक बॅटरीचा छोटा बल्ब, आणि एक इलेक्ट्रिशियनचा टेस्टर. बल्ब तारेच्या वाटेत जोडायचा आणि तार थोडी थोडी कापत जायची. बल्ब सगळ्यात लख्ख पेटेल ती खरी लांबी. टेस्टर एका सुक्या काठीला बांधून तारेच्या टोकाजवळ धरायचा. टोकाला दाब सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे आतला निऑन तारेला न टेकताच लाल चमकतो. अंधारात, वाडी झोपलेली असताना तो लाल ठिपका मी पहिल्यांदा पाहिला, आणि त्या रात्रीपासून हा नाद लागला तो लागलाच.

तार अशी कापायची असते की पहिल्यांदा थोडी जास्तच ठेवायची. मी घाईघाईने पहिल्याच दिवशी एक वीत जास्त कापली होती. काका काही बोलले नाहीत. त्यांनी कापलेला तुकडा उचलला, मला परत जोडायला लावला, आणि तो सांधा कायम तसाच ठेवला.

सव्वाशे रुपये

गिरगावातली जागा अपुरी पडायला लागली तसे आमच्यासारखे कितीतरी मराठी लोक डोंबिवलीकडे निघाले. आपली सोसायटी १९८१ मध्ये नोंदली गेली. माझा परवाना आला १९८३ मध्ये. त्याआधी पोलीस चौकशी असते. हवालदार आले, त्यांनी तेव्हाच्या सेक्रेटरींना विचारलं, "हा माणूस वायरलेसवर कोणाशी बोलणार आहे?" सेक्रेटरी म्हणाले, "घरी तरी कोणाशी फारसं बोलत नाही." माझी चौकशी तिथेच संपली.

परवाना आल्यावर गच्चीसाठी कमिटीला अर्ज केला. गच्ची सगळ्यांची, त्यामुळे विषय सर्वसाधारण सभेत गेला. मला चाळीस फुटी पाइप उभा करायचा होता. सभेत दीड तास चर्चा झाली. वीज पडेल का? पाइप वाऱ्याने कोसळला तर? टाकीला धक्का लागला तर? मी विजेबद्दल समजावून सांगितलं की गडगडाट सुरू झाला की केबल काढून अर्थिंगला जोडेन, आणि ते मी आजवर पाळलं आहे. पण पाइपला मंजुरी मिळाली नाही. इतिवृत्तात ठराव आहे: पाण्याच्या टाकीपेक्षा उंच काहीही उभारायचं नाही, भिंतीला भोक पाडायचं नाही, आणि तक्रार आल्यास तार काढायची. मी घरी येऊन चडफडलो. गच्चीपासून दहा-बारा फुटांवर तार बांधून जपान कसं ऐकू येणार?

तरी बांधली. त्या वेळच्या वहीत खर्च लिहिलेला आहे, तो जसाच्या तसा देतो. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून १६ गेजची एनॅमल तांब्याची तार, ४०० ग्रॅम, २२ रुपये. टीव्हीची ७५ ओहमची केबल, २५ मीटर, ७५ रुपये. चिनी मातीचे अंड्यासारखे दोन इन्सुलेटर, ६ रुपये. नायलॉनची दोरी, १४ रुपये. विहिरीवर असते तशी पण लहान कप्पी, ८ रुपये. मधला जोड प्लंबरने टाकून दिलेल्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्याचा, फुकट. एकूण १२५ रुपये.

टीव्हीचीच केबल का, असं कोणी विचारेल. दुकानातली वायरलेसची केबल ५० ओहमची आणि महाग. सरळ ताणलेल्या डायपोलच्या मध्यभागी अडथळा असतो साधारण ७३ ओहम, त्याला ७५ ची केबल छान जुळते. स्वस्त वस्तू कधी कधी बरोबरही असते.

एक चूक मात्र झाली. रिवाइंडिंगची तार मऊ असते. पहिल्या पावसाळ्यातल्या वाऱ्याने ती ताणून लांब झाली आणि दिवाळीपर्यंत तिची फ्रिक्वेन्सी खाली घसरली. टोकं कापून पुन्हा जुळवावी लागली. तेव्हापासून एका टोकाला कप्पीवरून वाळूची बाटली लोंबते. वारा आला की बाटली वर-खाली होते आणि तारेवरचा ताण सारखा राहतो. लहान मुलांना ती बाटली कशासाठी हे कोडंच होतं. आता कळलं असेल.

रामायण

माझ्या तारेआधीपासून गच्चीवर टीव्हीच्या अँटेनांचं रान होतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, १९८२ मध्ये रंगीत झालं, आणि बघता बघता प्रत्येक घराचा एक ॲल्युमिनियमचा सांगाडा गच्चीवर उभा राहिला. त्या सांगाड्याचं नाव यागी. १९२६ च्या सुमारास जपानमधल्या सेंदाई इथल्या विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी तो शोधला. काम मुख्यतः उदांचं, नाव राहिलं यागींचं. जपानमध्ये त्याची कोणी फार दखल घेतली नाही. १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर जपानी सैन्याला ब्रिटिश रडारच्या वहीत 'यागी' असा शब्द सापडला, आणि त्याचा अर्थ त्यांना एका ब्रिटिश कैद्याला विचारावा लागला. तो म्हणाला, हे तर तुमच्याच प्राध्यापकाचं नाव!

तर अशा त्या यागींच्या रानात माझी तार, आणि मी बोललो की कोणाच्या तरी पडद्यावर आडव्या रेघा. तक्रारी खऱ्या होत्या. माझ्या ट्रान्समीटरमधून मूळ लहरीच्या पटीतल्या नको त्या लहरी निघत होत्या आणि टीव्हीत शिरत होत्या. मी सेटला फिल्टर केला. केबलची आठ-दहा वेटोळी करून तारेच्या जोडाखाली बांधली, म्हणजे केबलच्या बाहेरच्या अंगाने लहर घरात उतरत नाही. तीन घरांत टीव्हीच्या मागे छोटे फिल्टर स्वतः करून लावून दिले. बऱ्याच रेघा गेल्या.

पण संशय राहिला. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी साडेनऊला रामायण सुरू झालं, आणि मी स्वतःवर बंदी घातली: रामायण संपेपर्यंत सेटला हात लावायचा नाही. एका रविवारी ऐन युद्धात चित्र फाटलं. चार-पाच जण तावातावाने आमच्या दारात. बायकोने दार उघडलं आणि सांगितलं, "ते भाजी आणायला गेलेत." मी पिशवी घेऊन जिना चढतोय, तर वरून सगळे उतरतायत. मग सगळे मिळून गच्चीवर गेलो. एका अँटेनाचा जोड गंजून सुटला होता, वाऱ्याने खडखडत होता. तो मी तिथेच आवळला. त्या दिवसानंतर माझं काम वाढलं. कोणाचंही चित्र बिघडलं की मला बोलावणं यायचं. तार काढा असं मात्र परत कोणी म्हटलं नाही.

नव्वदच्या दशकात केबल आली आणि ते रान ओसाड झालं. सांगाडे भंगारात निघाले. मी चार मागून घेतले. त्यांच्या दोन-सव्वादोन मीटरच्या नळ्या मधोमध कापल्या की १४५ मेगाहर्ट्‌झच्या यागीला लागणारे मीटरभराचे तुकडे होतात. जुना लाकडी पडद्याचा दांडा आणि तीन नळ्या, बस. ५ मे २००५ ला इस्रोने पीएसएलव्हीवरून कार्टोसॅटबरोबर हॅमसॅट हा साडेबेचाळीस किलोचा हौशी रेडिओचा उपग्रह सोडला. नंतर एका संध्याकाळी बी विंगमधली चार मुलं आणि मी तो पडद्याचा दांडा आकाशाकडे धरून गच्चीवर उभे होतो, आणि त्या उपग्रहावरून दोन माणसं बोलताना आम्ही ऐकली. ती यागी एकेकाळी कोणाचं तरी रामायण पकडत होती.

२६ जुलै

आता ज्या दिवसासाठी चेअरमनसाहेबांनी हा लेख मागितला असावा, त्या दिवसाबद्दल.

संकटात हॅम लोक उपयोगी पडतात, असं मी सभेत १९८३ मध्येही सांगितलं होतं. तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही, आणि सांगणाऱ्यालाही ते पाठ केलेलं वाटत होतं. पुढे ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, २००१ मध्ये भूजचा. दोन्हीकडे हॅम मंडळींनी निरोपांची केंद्रं चालवली. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा दिल्लीच्या भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्येच होते. बेटांवरचे फोन गेले आणि त्यांच्या हॉटेलातल्या स्टेशनवरून मुख्य भूमीकडे निरोप जाऊ लागले. हे सगळं मी कानाने ऐकलं होतं. माझ्या स्वतःच्या तारेचा कोणाला उपयोग झाला असं मात्र कधी घडलं नव्हतं.

२६ जुलै २००५, मंगळवार. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे आपण नंतर वाचलं. त्या दुपारी आपल्याला एवढंच कळत होतं की गाड्या बंद, वीज गेली, मोबाइल लागत नाहीत, आणि आपल्या इमारतीतला फोनही मुका. सात घरांतली माणसं मुंबईकडे अडकलेली.

गडगडाट थांबल्यावर साडेसहाच्या सुमारास मी तार जोडली. तळमजल्यावरच्या सभासदांनी आपल्या गाडीची बॅटरी काढून वर आणून दिली. कंदिलाच्या उजेडात सेट लावला. हाक दिल्यावर पहिलं उत्तर पुण्याहून आलं, दुसरं दादरहून. दादरच्या त्या हॅमचा घरचा फोन चालू होता. मग सोसायटीच्या सभेच्या वहीच्या शेवटच्या पानावर सात नावं आणि सात नंबर लिहिले. मी वाचायचो, ते दादरहून फिरवायचे, आणि उत्तर आलं की मला सांगायचे. नऊपर्यंत पाच जणांचा पत्ता लागला. सहावे गृहस्थ रुळांवरून चालत रात्री एक वाजता स्वतःच आले, निरोपाच्या आधी.

सातवा नंबर चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या मुलाच्या अंधेरीच्या ऑफिसचा. तिथे घंटा वाजत होती, उचलत कोणी नव्हतं. दहानंतर दादर मंद होत गेलं आणि मग बुडालं. आमची लहर वरच्या थरावरून, अडीच-तीनशे किलोमीटर उंचीवरून, परतून येते. रात्री तो थर विरळ होतो आणि जवळची स्टेशनं हरवतात. सूर्य वर आला की पुन्हा येतात. मी हे काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे सकाळपर्यंत काही नाही?" मी म्हटलं, "नाही काकू." त्या घरी गेल्या नाहीत. आमच्या हॉलमधल्या खुर्चीवर बसून राहिल्या. मीही सेट बंद केला नाही. रात्रभर त्यातून परदेशातली स्टेशनं येत होती, कुठल्या कुठल्या भाषांत, कधी गाणी. तीन वाजता त्यांनी विचारलं, "हे कुठलं?" मी म्हटलं, "चीन असावं." "इतकं लांबचं ऐकू येतं, आणि अंधेरी नाही?" याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते देण्याची ती वेळ नव्हती.

सकाळी सव्वासातला दादर खरखरत वर आलं. त्यांनी रात्रभर अधूनमधून तो नंबर फिरवला होता. पहाटे वॉचमनने उचलला. मुलगा इतर बारा-पंधरा जणांबरोबर वरच्या मजल्यावर झोपला होता, बिस्किटं खाऊन, ठीक. पाणी उतरलं की निघेल. काकू उठल्या, पदराने चष्मा पुसला आणि जाता जाता दारात थांबून म्हणाल्या, "मी त्या तारेवर चादरी घातल्या होत्या बरं का."

एक गोष्ट मला नंतर जाणवली, ती या निमित्ताने सभेसमोर कबूल करतो. माझा चाळीस फुटी पाइप १९८३ मध्ये मंजूर झाला असता तर उंच तारेने लहर क्षितिजाकडे फेकली असती. जपान छान आलं असतं, दादर-पुणे कमकुवत झालं असतं. बुटकी तार लहर सरळ वर फेकते आणि ती वरून परतून आपल्याच तीनशे-चारशे किलोमीटरच्या परिसरात पडते. ज्या ठरावावर मी वर्षानुवर्षं कुरकुर केली, त्यामुळेच त्या संध्याकाळी दादर ऐकू आलं. सभेने काही हे गणित करून ठराव केला नव्हता. पण आभार मानायचे राहून गेले होते, ते आता मानतो.

आणि हेही लिहून ठेवतो की पाच-सहा निरोप म्हणजे काही फार नाहीत. त्या रात्री कितीतरी घरांत असं कोणी खुर्चीवर बसलं होतं आणि त्यांच्याकडे सव्वाशे रुपयांची तार नव्हती.

आता

सध्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम चाललं आहे, म्हणून तार उतरवून आमच्या माळ्यावर गुंडाळून ठेवली आहे. नवीन कठडा होताना तीन हूक बसवून ठेवावेत असा अर्ज मी कमिटीला दिला आहे. तो येत्या सभेपुढे येईल. भिंतीला भोक पाडायचं नाही हा जुना ठराव आहे, तेव्हा हूक सिमेंट ओलं असतानाच बसले तर बरं.

माझे गुडघे आता जिन्याच्या खोलीवर चढू देत नाहीत. बी विंगमधल्या दोन मुलांनी परीक्षेचा अभ्यास सुरू केला आहे, त्यातली एक मुलगी आहे आणि तिचा मोर्स माझ्यापेक्षा स्वच्छ आहे. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी तार पुन्हा बांधायची आहे. शिडी धरायला दोघं, बांबूवर एक जण, आणि टेप धरायला कोणी लहानही चालेल. ज्यांना यायचं त्यांनी यावं. चहा आमच्याकडे. वीस मीटर आणि तीस सेंटिमीटर मोजायचे आहेत, आणि पहिल्यांदा वीतभर जास्तच ठेवायची आहे.

— ए विंगमधील एक सभासद